वाकळ घेतीस न्हवं?

मित्रांनो, 'मी एक जुनी वाकळ आहे' असं सांगून सुरुवात करायला मला फार आवडलं असतं. पण ते निम्मंसुद्धा खरं नाही. वाकळ मी होते. आता तिचा एक कोपरा तेवढा उरला आहे, दोन तळहात जोडून धरले तर त्यांत मावेल एवढा. वळसंगला महिपतीच्या घरात, भिंतीतल्या फळीवर मी असते. शेजारी फोनचा चार्जर आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

शहरातले लोक मला गोधडी म्हणतात. वळसंगात मी वाकळ, आणि अक्कलकोटच्या पुढं गेलं की कौदी. नाव काहीही घ्या, काम एकच. माणसाच्या अंगावर पडायचं आणि त्याला उजाडेपर्यंत सांभाळायचं.

माझ्या एका अंगाला लाल कड आहे, मधे मातीचा डाग आहे, आणि एका बाजूनं सुतळीचे जाडेभरडे टाके घातलेले आहेत. वाकळेला कधी कुणी सुतळी घालतं का, असं तुम्ही विचाराल. विचारा. त्या सुतळीपर्यंत पोचायलाच मी हे सगळं सांगते आहे.

मला शिवलं महिपतीच्या बायकोनं, मथुराबाईनं. माझ्या पोटात तिचीच लुगडी होती. सगळी सुती, बहुतेक इरकली. एक हिरवं, तिच्या लग्नातलं. एक निळं, ज्याची झोळी बांधून तिनं लेकीला निजवलं होतं. एक तपकिरी, रानात खुरपायला जाताना नेसायचं; पाठीवरच्या घामानं त्याचा एक पट्टा विटून पांढरा झाला होता. आणि एक लाल कडेचं, तिच्या आईनं, कानडी मुलखातल्या निंगव्वानं, बाळंतविड्याबरोबर पाठवलेलं. नव्या वस्तूला आपला जन्म ठाऊक असतो. माझा तर जन्मच जुना होता. मी शिवून झाले तेव्हाच माझ्या अंगात तीस वर्षांच्या संसाराच्या आठवणी भरलेल्या होत्या.

अंगण सारवून, वाळवून तिथं मला अंथरलं. चारी कडांना दगड ठेवले. एका बाजूनं मथुराबाई टाके घालायची, दुसऱ्या बाजूनं शेजारची सारजाबाई. सारजाबाईची जीभ सुईच्या पुढं धावायची.

"मथुरे, पेटी रिकामी केलीस की. एक बी सुती ठेवलं न्हाईस. नेसशील काय?"

"आता कोन नेसतंय सुती? धुवाया जड, वाळाया येळ. ते झुळझुळीत बरं पडतंय."

असं म्हणाली खरी, पण लाल कडेचं लुगडं माझ्यावर ठेवताना तिचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मला तो जाणवला. 

मथुराबाईच्या माहेरची एक रीत होती. वाकळेचा एक कोपरा शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. सगळे टाके झाले की त्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर हळद घालायची, आणि मग तो शिवून टाकायचा. वाकळेचं पोट भरायचं.

"उपाशी वाकळ दुसऱ्याला ऊब कशी दील?" असं मथुराबाई म्हणाली आणि सकाळच्या भाकरीचा पापुद्रा तिनं माझ्यात सारला. तोच कोपरा म्हणजे मी.

हा एवढा खटाटोप कशासाठी, तर सृष्टीसाठी. सृष्टी ही त्यांची एकुलती एक लेक. सोलापुरात शेतीचं शिक्षण घेतलेली, हुशार, आणि एखादी गोष्ट मनात आली की ती पुरी करूनच खाली बसणारी. तिची निवड झाली होती परदेशात, पोर्तुगाल नावाच्या देशात. तिथं डोंगरातल्या एका खेड्यात पर्यावरणाला धरून राहणारी माणसं होती, आणि त्यांच्यात दीड वर्ष राहून, त्यांच्याबरोबर राबून ती विद्या शिकायची होती. गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. किराणा दुकानदार कल्लप्पा तर महिपतीला रोज छेडायचा.

"शेती शिकाया इमानात बसायचं? हितली माती संपली व्हय?"

"माती न्हाय संपली, पानी संपलं," महिपती म्हणायचा. "ते कसं राखायचं ते शिकून येतीया. आली की तुला बी शिकवंल, फुकाट."

निघायच्या आदल्या दिवशी बॅग कल्लप्पाच्याच काट्यावर नेऊन ठेवली. वजन जास्त भरलं. सृष्टीनं पहिला हात घातला तो माझ्यावर.

"आई, ही राहू दे गं. तिकडं मिळतंय की पांघरायला."

मथुराबाईनं मला परत आत दाबलं आणि कडक भाकरीची चवड बाहेर काढली. शेंगाच्या चटणीचा डबासुद्धा निम्मा केला. "खाया कायतरी मिळंलच. पांघराया मिळंल न मिळंल, कुणाला ठावं," ती म्हणाली. मला त्या दिवशी मोठा मान वाटला. सोलापूरच्या माणसानं चटणीपेक्षा मला वर धरलं, ही साधी गोष्ट नव्हे.

विमानाबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी बॅगेच्या तळाशी होते आणि चटणीचा डबा वरून गळत होता.

ती वस्ती डोंगराच्या उतारावर होती. सगळीकडं ऑलिव्हची झाडं, दगडमातीची घरं, आणि निरनिराळ्या देशांतली माणसं एका चुलीवर जेवणारी. पर्माकल्चर म्हणतात तशी त्यांची राहणी होती. म्हणजे रान, पाणी, घर आणि माणूस यांची अशी मांडणी करायची की जमिनीकडून जे घेतलं ते तिला परत मिळावं आणि काहीच वाया जाऊ नये. सृष्टी उतारावर चर खणायला शिकली, पावसाचं पाणी अडवायला शिकली, न नांगरता वाफे करायला शिकली. शेणामातीचा गिलावा करायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं सगळ्यांच्या आधी बाही वर केली, आणि त्या दिवशी तिला घरची फार आठवण आली.

सुरुवातीला ती रडायची. हिवाळा आला तशी तिथली थंडी हाडांत शिरायला लागली. वस्तीतल्या माणसांकडं हलक्या, फुगीर, चेन लावायच्या पिशव्या होत्या, त्यांत शिरून ती माणसं झोपायची. सृष्टी मला दुहेरी करून घ्यायची आणि माझ्यात तोंड खुपसायची. वळसंगच्या चुलीचा धूर अजून माझ्या धाग्यांत होता. मी माझं काम चोख करत होते. त्या हिवाळ्यात तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही, हे मी अभिमानानं सांगते.

तिथं माझं कौतुकही झालं. मार्गारिदा नावाची एक वयस्कर बाई होती, ती वस्ती वसवणाऱ्यांतली एक. तिनं मला जेवणघरात दोरीवर टांगायला लावलं. सगळे येऊन टाक्यांवरून बोटं फिरवत होते. सृष्टी एकेक पट्टा दाखवून सांगत होती, ही माझी झोळी, हे आईच्या लग्नातलं. मला आतून हसू येत होतं. वळसंगात माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नसतं. फार तर कुत्रं माझ्यावर येऊन बसलं असतं.

माझं आयुष्य त्या हिवाळ्यातच पुरं झालं असतं तर किती बरं होतं, असं मला अजून वाटतं.

थंडी सरली की त्या वस्तीत एक रीत पाळतात. प्रत्येक शिकणाऱ्यानं स्वतःचा एक वाफा तयार करायचा. खाली पुठ्ठे, त्यावर जुनं सुती किंवा लोकरी कापड, वर शेणखत आणि पेंढा. कापड ओल धरून ठेवतं, तण वर येऊ देत नाही आणि सावकाश कुजून त्याची माती होते. आणि त्या तळाशी प्रत्येकानं आपली जिवाजवळची एक वस्तू घालायची, जमिनीतून आलेली आणि जमिनीत मिसळेल अशी. जमिनीचं तिला परत केलं, असं म्हणायचं. कुणी आजोबांची लोकरी बंडी आणली. कुणी लहानपणीची चादर आणली.

सृष्टीकडं असं काहीच नव्हतं. जाकीट नायलॉनचं, पिशवी नायलॉनची, पायमोजेसुद्धा नायलॉनचे. रोज धडे ऐकायचे आणि अंगावर हे, याची तिला लाज वाटू लागली होती. मग एके दुपारी तिनं मला उन्हात पसरलं आणि बोटांनी चाचपलं. सुती कापड, सुती दोरा. कुठं खोट नाही.

मार्गारिदानं तिला विचारलं, "ही खरंच द्यायची आहे तुला? नीट विचार कर."

"हो," सृष्टी म्हणाली. "माझी आई दुसरी शिवेल."

मित्रांनो, तिच्या मनात काही वावगं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला छाती नाही, हात नाही, तरी सांगते. जे सगळ्यांत मोलाचं तेच द्यावं, असं तिला वाटलं. नवं शिकलेलं माणूस हौसेच्या भरात असा एखादा घास जास्तच घेतं. मला वाफ्यात अंथरताना तिचे डोळे भरून आले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला एकदा विचारावं, एवढं मात्र तिला सुचलं नाही. फोन तिच्या खिशातच होता.

वाफ्याच्या कडेनं दगड लावले होते. त्यांतल्या एका चपट्या दगडाखाली माझा हा कोपरा दाबला गेला. बाकीच्या अंगावर खत पडलं, पेंढा पडला, आणि अंधार झाला.

त्या डोंगरात फोनला सगळीकडं रेंज मिळत नसे. नेमकी मिळायची ती माझ्या वाफ्याजवळच्या दगडी बाकावर. त्यामुळं वळसंगचा फोन आला की सृष्टी तिथं येऊन बसायची. मी जमिनीत असले तरी मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलीस का?"

"जेवले की."

"थंडी हाय का गं तितं?"

"सांजच्याला असती थोडी."

"वाकळ घेतीस न्हवं?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सृष्टी जरा थांबली. मला वाटलं, आता सांगेल. आई, मी ती मातीला दिली, असं म्हणेल. मथुराबाई चार गोष्टी बोलली असती, दोन दिवस गाल फुगवून बसली असती आणि मग हसली असती. आई कुठवर रागावणार?

"घेते की, आई," सृष्टी म्हणाली.

त्यानंतर दर फोनला मथुराबाई तेच विचारायची. वाकळ घेतीस न्हवं? आणि सृष्टी तेच सांगायची. घेते की. आधी अडखळत, मग सरावानं. मला ओल लागत होती. गांडुळं माझ्यातून ये-जा करू लागली होती. निळ्या झोळीचा धागा सगळ्यांत आधी विरघळला. मी तिच्या पायाखाली माती होत होते आणि वर बसून ती मला पांघरत होती.

उन्हाळ्यात तो वाफा असा फळला की बघत राहावं. घेवडा काठीवर चढला, भोपळ्याचे वेल दगडांवरून खाली उतरले. सगळ्या वस्तीत तसा वाफा दुसरा नव्हता. सृष्टीनं भोपळ्यांचे फोटो काढून घरी पाठवले.

"लई गोजिरे हायती गं," मथुराबाई म्हणाली. "काय घातलंस वाफ्यात?"

"शेणखत. आन् पालापाचोळा."

"आन् वाकळ घेतीस न्हवं?"

"घेते की."

मग तिकडं पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एका सकाळी महिपतीचा फोन आला. एरवी तो फोनवर कधी बोलायचा नाही. बायकोच्या पाठीमागून एखादं वाक्य टाकायचा, एवढंच. त्याचा आवाज ऐकला आणि सृष्टी बाकावरून उठून उभी राहिली.

"सृष्टे, तुजी आई गेली."

मथुराबाईला थंडीताप आला होता. तिनं तो अंगावर काढला. लेकीला कळवू नका, उगं जिवाला घोर लावून घेईल, असं म्हणत राहिली. सोलापूरला दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. महिपती एकेक शब्द सावकाश सांगत होता.

"लई थंडी वाजत हुती तिला. दोन चादरी घातल्या, बाजूच्या खाटंवरल्या बाईनं आपली बी दिली. तरी दातावर दात वाजत हुते."

मित्रांनो, मी वाकळ. थंडीत माणसाच्या अंगावर पडायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. जिनं मला शिवलं ती कुडकुडत गेली, आणि मी साता समुद्रापलीकडं भोपळ्याखाली कुजत पडले होते. मला हे ऐकू येत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. याहून मोठं दुःख वाकळेला कुठलं असणार?

फोन संपला. सृष्टी सामान बांधायला गेली नाही. ती माझ्या वाफ्यात शिरली आणि गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागली. घेवड्याचे वेल उपटले, भोपळे बाजूला लोटले. नखांत माती भरली, बोटांतून रक्त आलं, तरी तिचे हात थांबेनात. माझे तुकडे तिच्या हाताला लागत होते आणि लागता लागता भुगा होत होते. हिरवं लग्नातलं, तपकिरी रानातलं, सगळं काळ्या मातीत मिसळून गेलं होतं. ती मूठ भरून माती उचलायची, चोळून बघायची आणि खाली टाकायची.

मार्गारिदा आली.  ती सृष्टीच्या शेजारी बसली आणि तीही उकरू लागली. त्या चपट्या दगडापाशी तिचाच हात पोचला. दगड उचलला आणि मी दिसले, लाल कडेचा ओलसर कोपरा, अजून कापड राहिलेला. सृष्टीनं मला पोटाशी धरलं आणि आवाज न करता ती कितीतरी वेळ हलत राहिली.

ती वळसंगला पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. मथुराबाईला रानाच्या बांधाशी अग्नी दिला होता. दिवस घालून झाले होते. लोक येत होते, बसत होते, चहा घेऊन जात होते. माणसांची वर्दळ कमी झाल्यावर एका सकाळी महिपती लेकीजवळ येऊन बसला. मी सृष्टीच्या पिशवीत होते.

"वाकळ आनलीस न्हवं?" त्यानं विचारलं.

सृष्टीनं पिशवी जवळ ओढली.

"तिची लुगडी समदी वाटली म्या," महिपती सांगू लागला. "झुळझुळीत चार-सहा हुती ती. सारजाबाई म्हणली, एखादं ठेवा, आठवण म्हणून. म्या म्हणलं, कशाला? पोरीपाशी आख्खी वाकळ हाय. तिचा समदा संसार हाय त्यात. पोर आली की घेऊ पांघरून." त्यानं तळहात गुडघ्यावर पुसला. "काढ की. जरा बघू दे."

सृष्टीनं पिशवीत हात घातला आणि मला काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

महिपतीनं पिशवीकडं पाहिलं. अजून काही बाहेर येईल, असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बाकीची?"

"आबा, मी ती मातीत घातली," सृष्टी म्हणाली. "वाफ्यात. तिकडं तशी रीत हाय. मला वाटलं, आई दुसरी शिवंल."

 बाहेर सारजाबाईच्या घरी कुणीतरी तांदूळ पाखडत होतं.

"काय लावलं हुतंस त्यात?" शेवटी त्यानं विचारलं.

"भोपळे. घेवडा."

"ते व्हय. तिनं दावलं हुतं मला फोनात. चांगलं आलं हुतं."

मग तो जे बोलला ते त्यानं मनाला ठेच लागावी म्हणून सांगितलं नाही. सहज, आठवलं म्हणून सांगितलं. "तिला वाटलं हुतं कायतरी झालंय वाकळीचं. फोनात तू दिसायचीस, तवा तुझ्या अंगावर दुसरंच घोंगडं असायचं. मला म्हणायची, हरवली असंल, न्हायतर कुणी नेली असंल, पोर सांगाया भितीया."

"मग ती सारखं का विचारायची, आबा?"

"म्हणायची, आपन इचारत ऱ्हावं. एक दिस सांगंल."

सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्या दोघांच्या मधे जमिनीवर पडले होते. त्यांच्यातल्या एकालाही पुरेल एवढी मी उरले नव्हते.

महिपतीनं मला उचललं. बोटांनी चाचपलं. कोपऱ्याचे टाके ओलीनं सुटले होते, आत पोकळ लागत होतं. त्यानं दोन बोटं आत घातली. भाकरीचा तुकडा केव्हाच मातीनं खाल्ला होता. कापडाला हळदीचा पिवळा डाग तेवढा होता.

"हितं भाकरी घातली हुती तिनं," तो म्हणाला. "पोट रिकामं झालंय हिचं. भाकरी हाय का घरात?"

सकाळी सृष्टीनं भाकऱ्या थापल्या होत्या. आईसारख्या गोल झाल्या नव्हत्या, एका कडेला जाड, एका कडेला करपलेल्या. तिनं त्यातलाच एक तुकडा आणला, डब्यातून चिमूटभर हळद आणली. महिपतीनं ती माझ्यात घातली. मग त्यानं सुई शोधली, ती सापडेना. मथुराबाई सुया कुठं ठेवायची, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं जन्मात शिवली होती ती फक्त ज्वारीची पोती. म्हणून तो उठला, पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आला, आणि पोत्याचं तोंड शिवतात तसे जाड टाके त्यानं मला घातले. दाभण कापडातून जाताना मला दुखत होतं. तरी दुसऱ्या कुणी मऊ दोऱ्यानं शिवलं असतं तर ते मला नको होतं.

तर मित्रांनो, ही सुतळी अशी आली.

सृष्टी पुन्हा तिकडं गेली आहे. तिचं शिक्षण व्हायचं राहिलं होतं, आणि ते अर्धवट टाकू नको, असं महिपतीनंच बजावलं. पाणी राखायची विद्या वाईट नाही, ती माणसंही वाईट नाहीत. उकरलेला वाफा तिनं परत नीट भरला, असं तिनं सांगितलं. निघताना ती मला बरोबर न्यायला बघत होती. मग तिनं मला बापाच्या उशाशी, फळीवर ठेवलं आणि ती गेली.

आता फोनवर महिपतीलाच बोलावं लागतं. बोलायचं काय, हे त्याला कळत नाही. कान फोनला लावून तो नुसता बसतो. मथुराबाईच्या पाठीमागं उभं राहून जे ऐकलं, तेवढंच त्याला येतं.

"जेवलीस का?"

"जेवले, आबा."

"थंडी हाय का गं तितं?"

"लई हाय."

पहिल्या फोनला सवयीनं पुढचाही प्रश्न त्याच्या तोंडून गेला. "वाकळ घेतीस न्हवं?" आणि विचारून झाल्यावर तो गडबडला.

 मग सृष्टी म्हणाली, "न्हाय आबा. माझ्यापाशी न्हाय वाकळ. तुमच्यापाशी हाय ती."

तेच उत्तर आधी दिलं असतं तर ते ऐकायला मथुराबाई होती. मित्रांनो, तुम्हाला माझं मागणं एवढंच आहे. जुनं कापड जपा, फाडण्याआधी, देण्याआधी ते कुणाच्या अंगावरचं आहे ते विचारा, हे तर आहेच. पण घरातलं एखादं माणूस तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल तर कंटाळू नका. ते विचारणारं आहे तोवर त्याला खरं सांगून टाका.

सृष्टीचं ते उत्तर ऐकून महिपतीनं फळीवर हात नेला, मला चाचपलं. सुतळीवर त्याचा अंगठा थांबला.

"व्हय," तो फोनात म्हणाला. "हितं हाय."